एका हंगामाचा नवरा

थोरलीचं लग्न ठरलं ते अकरा वाफ्यांपायी.

वाफे मिठाचे होते, खाडीच्या काठाला, तिच्या बापाच्या नावावर. भरतीचं पाणी बांधातल्या झडपेतून मोठ्या तळ्यात घ्यायचं, उन्हात आटवत एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात सोडायचं, आणि शेवटच्या वाफ्यांत मीठ धरलं की दंताळ्यानं ओढून बांधावर ढीग लावायचे. पावसाळा सोडला तर वर्षभर त्या घरात दुसरं काही चालत नसे. तेव्हा त्या बाजूला आगगाडी आली नव्हती. मीठ बैलगाड्यांनी वरच्या मुलखात जायचं आणि गाडीवान परत येताना तिकडच्या बातम्या घेऊन यायचे.

चाळीस वर्षं पांढऱ्या मिठावरचं ऊन डोळ्यांत घेऊन बापाची नजर गेली. आधी कडेची गेली, मग मधली. आदल्या हंगामात तो दोनदा बांधावरून घसरून वाफ्यात पडला आणि दोन्ही वेळा मुद्दामच उतरलो होतो म्हणाला. तिसऱ्यांदा पडला तेव्हा काही बोलला नाही. घरी आला, अंगावरचा चिखल धुतला आणि ओसरीवर बसला तो बसलाच.

सरकारी नियम असा होता की वाफे ज्याच्या नावावर, तो पुरुष स्वतः वाफ्यात उतरणारा हवा. दर दहा वर्षांनी साहेब येऊन कागद नवे करायचे आणि या हंगामात ते येणार होते. कागदावर मुलगी चालत नसे. जावई चालायचा.

शेजारचे चार वाफे काकाचे, म्हणजे थोरलीच्या चुलत्याचे. त्याला तीन मुलगे, तिघेही लग्नं झालेले, तिघांनाही मिळून चारच वाफे. एके दिवशी तो भावाशेजारी येऊन बसला. तुझ्याकडे वाफे आहेत पण हात नाहीत, माझ्याकडे हात आहेत पण वाफे नाहीत, असं त्यानं सरळ सांगितलं. थोरलीला आणि तुला आम्ही जन्मभर सांभाळू, असंही म्हणाला. त्याच्या बोलण्यात खोट नव्हती. थोरली आत चुलीपाशी होती. सांभाळू म्हणजे काय, ते तिला बरोबर कळलं. बत्तीस वर्षांची ती. धाकटी बहीण कधीच लग्न होऊन गेली होती आणि ही मात्र, एवढा हंगाम होऊ दे मग बघू, असं करत करत राहिली होती. दंताळं धरायला ती बापापेक्षा बरी होती हे काकालाही ठाऊक होतं. तो सांभाळणार म्हणजे तिच्या हातातलं दंताळं काढून घेणार आणि तिला तीन सुनांची लेकरं आंघोळी घालायला बसवणार.

तोडगा काढला मुकादमानं. सगळ्यांचं मीठ मापून गाड्यांत भरून देणारा तो माणूस. त्याला दोन्ही भाऊ सारखेच. वरच्या मुलखातला एक विहिरी खणणारा त्याच्याकडे काम मागत आला होता. वय चाळीस, बायको पोर कोणी नाही, हाडापेरानं मजबूत. मात्र त्यानं विहिरीचं काम सोडलं होतं आणि का सोडलं ते सांगत नव्हता. मुकादमानं त्याच्यापुढे गोष्ट जशीच्या तशी ठेवली. नाव लावायला नवरा हवा आहे. एक हंगाम काम करायचं, डोक्यावर छप्पर, दोन वेळचं जेवण. साहेब कागद करून गेले, हंगाम संपला, की राहायचं तर राहा, जायचं तर जा, कोणी अडवणार नाही.

थोरलीलाही हेच सांगितलं. तिनं एकच विचारलं, "दारू पितो का?"

मुकादम म्हणाला, "नाही. बोलतही नाही फारसा."

"चालेल," ती म्हणाली.

मुकादमाच्या ओसरीवर, मीठ मापायच्या काट्याशेजारी, चार माणसांदेखत लग्न लागलं. काका आला, जेवला, आणि जाताना नवऱ्या मुलाला वाफ्यात सांभाळून उतर, पाय कापतील, एवढं सांगून गेला.

पाय कापले. तिसऱ्याच दिवशी.

हंगामाच्या सुरुवातीला वाफ्याची जमीन तुडवून घट्ट करावी लागते. अनवाणी, टाचेला बोट लावून, एका ओळीत पुढे जायचं. त्याच ओळीनं परत यायचं. खाऱ्या चिखलानं त्याच्या तळव्यांना भेगा पडल्या, भेगांत मीठ गेलं. माणूस दातावर दात धरून तुडवत राहिला. थोरलीनं पाहिलं की त्याची ओळ वाकडी चालली आहे. ती जवळ गेली तेव्हा चिखलात लाल दिसलं.

"सांगायचं नाही का?" ती म्हणाली.

"तुम्ही थांबला नव्हता," तो म्हणाला.

घरी आल्यावर तिनं तेलात मेण वितळवून त्याच्यापुढे ठेवलं. ते कसं लावायचं ते ओसरीवरून बापानं सांगितलं, कारण तिला लाज वाटली. तो मिठाच्या कोठारात एका कोपऱ्यात अंथरूण टाकून झोपायचा. त्यानंच तशी जागा निवडली होती आणि तिनं नको म्हटलं नव्हतं. सकाळी फडकी गुंडाळलेल्या पायांनी तो तिच्या आधी बांधावर हजर असे.

दंताळं त्याला जमेना. मिठाचा थर वरच्या वर ओढायचा असतो. हात जरा जड झाला की दात खाली चिखलात जातात आणि मीठ राखाडी निघतं. त्याचा हात तर पहारीनं खडक फोडलेला. पहिल्या ढिगाकडे बघून मुकादमानं हे मीठ आहे की राख, असं विचारलं. काकाच्या मुलांनी पलीकडच्या बांधावर हसून घेतलं. थोरलीनं दंताळ्याच्या दांड्याला मागच्या टोकाशी एक वीट बांधली, म्हणजे दात आपोआप उचलून राहतील. बापानं तिला दहाव्या वर्षी असंच शिकवलं होतं. चाळीस वर्षांचा माणूस वीट बांधलेलं दंताळं घेऊन सगळ्यांदेखत चार दिवस फिरला. पाचव्या दिवशी त्यानं वीट सोडून तिच्या हातात दिली आणि एक ओळ ओढून दाखवली. मीठ पांढरं होतं. ती हसली. तिचे खालचे दोन दात जरा एकमेकांवर चढलेले आहेत, हे त्याला तेव्हा दिसलं.

बापाला तो आवडला होता. नजर गेल्यापासून म्हातारा माणसं पावलांवरून ओळखायचा. हा माणूस चिखलात पाय टाकण्याआधी चिखलाला विचारून घेतो, असं त्यानं लेकीला सांगितलं. ती म्हणाली, विचारून झाल्यावरही कापतातच ना पाय. म्हातारा म्हणाला, ते वेगळं.

म्हाताऱ्याचं म्हणणं खरं निघालं. सातव्या वाफ्यात पाणी कधी टिकत नसे. दरवर्षी निम्मं आटायच्या आधी जिरायचं, आणि तो वाफा खोडसाळ आहे असं म्हणून घरानं सोडून दिलं होतं. विहीरवाल्यानं दोन दिवस त्या वाफ्याच्या कडेनं फेऱ्या मारल्या. ओणवा होऊन मातीची चिमूट जिभेवर ठेवली, थुंकली, पुन्हा चार हात पुढे जाऊन तेच केलं. मग त्यानं एका कोपऱ्यात कंबरभर चर खणला. खाली रेतीचा पट्टा लागला, मनगटाएवढा जाड. पाणी तिथून पळत होतं. त्यानं खाडीच्या वळणावरून निळसर चिकण माती आणली, पायानं मळली आणि चरात थरावर थर ठोकून बसवली. थोरली टोपल्या भरून देत होती. पाणी शोधायचं कसब पाणी अडवायलाही येतं, हे तिच्या कधी डोक्यात आलं नव्हतं. पंधरा दिवसांनी सातव्या वाफ्यात मीठ धरलं. ओसरीवरून उठून, लेकीच्या खांद्यावर हात ठेवून, म्हातारा तिथवर आला. वाकून त्यानं ते मीठ मुठीत घेतलं, नुसतंच दाबलं, आणि बराच वेळ मूठ उघडली नाही.

त्यानंतर आली मोठी भरती. महिन्यातून दोनदा अशी भरती येते आणि तेव्हाच तळं भरून घ्यावं लागतं. थोरलीनं झडप उचलली, पण पाणी येईना. बांधाखालून जाणारी दगडी मोरी होती, वीस हात लांब, माणूस पोटावर सरपटत जाईल एवढी. आत कुठेतरी वाहून आलेलं लाकूड अडकलं होतं. भरती पूर्ण चढण्याआधी ते काढलं नाही तर पंधरा दिवस तळं कोरडं राहणार आणि ऐन उन्हाचा महिना फुकट जाणार.

असली कामं पुरुषांची. विहीरवाल्यानं कमरेला दोर बांधला, मोरीच्या तोंडाशी बसला आणि डोकं आत घातलं. मग बाहेर काढलं. पुन्हा आत घातलं. तिला वाटलं आत काही दिसतंय. पण त्याची पाठ थरथरत होती. भर दुपारी, त्या उन्हात, त्याच्या मानेवर काटा उभा राहिला होता. तिसऱ्यांदा त्यानं दगडाला हात लावला आणि हात तिथेच राहिला.

ती पुढे झाली. त्याच्या कमरेची गाठ सोडली आणि दोर स्वतःच्या कमरेला बांधला.

"दोनदा ओढला की खेचा," तिनं एवढंच सांगितलं.

आत अंधार आणि शेवाळ. कोपरं दगडांवर घासत ती लाकडापर्यंत पोचली. आडवं बसलेलं ते लाकूड फिरवताना पाणी तिच्या हनुवटीला लागलं. लाकूड सुटलं तसं पाणी लोंढ्यानं आलं. तिनं दोर दोनदा ओढला आणि त्यानं तिला अशी खेचली की गुडघे सोलून निघाले. बाहेर आल्यावर ती खोकत बसली. तळ्यात पाणी चढायला लागलं होतं. पलीकडच्या बांधावर काकाचे तिन्ही मुलगे उभे होते आणि आता कोणी हसत नव्हतं. ते तिला हसण्यापेक्षा वाईट वाटलं.

त्या दिवशी जेवताना त्यानं आपणहून सांगितलं. वरच्या मुलखात एका विहिरीत, पस्तीस हात खाली, बाजूची माती त्याच्यावर कोसळली होती. छातीपर्यंत गाडला गेला. वरच्या माणसांना खाली पोचायला दीड दिवस लागला. तोंडापुढे वीतभर अंतरावर माती होती आणि वर पाहिलं तर ताटलीएवढं आभाळ. तेव्हापासून वर छत आणि दोन्ही बाजूंना भिंत आली की शरीर ऐकत नाही. म्हणूनच कोठारात झोपतो, तो म्हणाला. कोठाराला एक बाजू उघडी होती.

म्हातारा जेवायचा थांबला होता. थोरलीनं विहीरवाल्याच्या ताटात आणखी भात वाढला.

"इथं खोल काही नाही," ती म्हणाली. "सगळं गुडघ्यापर्यंतच. मोरीचं मी बघत जाईन."

"लोक बोलतील," तो म्हणाला.

"बोलू दे. मी सांगेन, मीच वर थांबायला सांगितलं होतं."

दुसऱ्या दिवशी तिच्या गुडघ्यांसाठी तेलमेण त्यानं वितळवलं. तिच्यापुढे वाटी ठेवली आणि लाज वाटून बाहेर गेला. म्हातारा ओसरीवरून म्हणाला, आता हिला कसं लावायचं ते मी सांगणार नाही.

लोक बोललेच. बायको मोरीत शिरते आणि नवरा दोर धरून उभा राहतो, ही गोष्ट गाडीवानांच्या तोंडी वरच्या मुलखात पोचायला आठवडाही लागला नाही. काकाच्या मुलांनी आपल्या बापाचे कान भरले. साहेब आले तेव्हा काकानं तक्रार घातली की हा नवरा खरा नाही. नाव लावायला आणलेला माणूस आहे, कोठारात झोपतो, हंगाम संपला की जाणार आहे, आणि अवघड काम त्याच्यानं होत नाही.

साहेब वयस्क होते, छत्री घेऊन बांधावरून चालत आले. मागे कागद सांभाळणारा कारकून, मुकादम, आणि अर्धी वस्ती. त्यांनी विहीरवाल्याला पुढे बोलावलं आणि मीठ कोण ओढतं असं विचारलं.

"जास्त तीच ओढते," तो म्हणाला.

"मग तुम्ही काय करता?"

"ती सांगते ते."

लोक हसले. काकाच्या थोरल्या मुलाला तर हसू आवरेना. थोरलीचं तोंड लाल झालं. याला एवढंही खोटं बोलता येऊ नये याचा तिला राग आला, आणि त्याच वेळी दुसरंही काही वाटलं, ज्याचं तिला नाव सापडेना. साहेब हसले नाहीत. त्यांनी त्याला पायांची फडकी सोडायला सांगितली.

त्यानं बांधावर बसून फडकी सोडली. तळवे चामड्यासारखे झाले होते, भेगा भरून पांढऱ्या पडल्या होत्या, बोटांच्या बेचक्यांत मिठानं खाल्लेले खड्डे. साहेबांनी काकालाही वहाणा काढायला लावल्या आणि दोघांचे पाय शेजारीशेजारी पाहिले. मग कारकुनाला म्हणाले, हे पाय घरी बसून होत नाहीत, लिहा. सातव्या वाफ्याचं मुकादमानं मधेच सांगितलं, तेही लिहून घ्या म्हणाले.

पण तक्रारीतली एक गोष्ट उरली होती. साहेब थोरलीकडे वळले. "बाई, हा तुमचा नवरा आहे की नुसतं नाव आहे? खरं सांगा. मला लिहून द्यावं लागतं."

सगळे तिच्याकडे बघत होते. तोही बघत होता, हातात फडकी धरून. हो नवरा आहे, एवढं म्हटलं असतं तर काम झालं असतं. पण थोड्या वेळापूर्वी तो खोटं बोलला नव्हता.

"नावापुरताच आणला होता," ती म्हणाली.

काकानं मान वर केली.

"आता तसं राहिलं नाही," ती म्हणाली. "त्यांचं मला माहीत नाही. माझं सांगते."

साहेबांनी छत्री या हातातून त्या हातात घेतली. मग कारकुनाला म्हणाले, "नवरा. लिहा."

कागद झाला. घरी जाताना ती बांधावरून पुढे चालली होती आणि तो मागे. एकदा तिला वाटलं तो थांबला आहे, म्हणून तिनं मागे पाहिलं. तो फडकी खाडीत टाकून देत होता.

चार दिवसांनी काका आला. आधी भावाशी इकडचं तिकडचं बोलला. मग घसा खाकरून, जावईबापू, आमच्याही दोन नंबरच्या वाफ्यात पाणी ठरत नाही, जरा बघता का, म्हणाला. विहीरवाला लगेच उठला. तीन दिवस त्यानं काकाच्या मुलांकडून चर खणून घेतला आणि चिकण माती मळून घेतली. ती कशी मळायची यावरून त्यांना तो जेवढं बोलला, तेवढं तो त्या घरात आल्यापासून एकूण बोलला नव्हता. जिथं पोटभर मीठ निघेना तिथं निघायला लागलं, तशी तिथली कुरकूरही बरीच ओसरली.

याच सुमाराला मुकादमानं थोरलीच्या कानावर घातलं की वरच्या मुलखातल्या विहिरीच्या ठेकेदारानं याला बोलावणं पाठवलं आहे. खाली उतरायचं काम नाही, वर उभं राहून माणसांवर देखरेख. चांगलं काम होतं. थोरलीनं ऐकून घेतलं. घरी तिनं विषय काढला नाही, त्यानंही काढला नाही. जे बोलायचं ते ती चारचौघांत बोलून बसली होती. पुन्हा विचारणं म्हणजे हात पसरणं, असं तिला वाटलं.

आभाळ भरून यायला लागलं. शेवटचं मीठ ओढून झालं, ढिगांवर गवत शाकारलं, गाड्या गेल्या. एक दिवस झडपा उघडून सगळ्या वाफ्यांत पाणी सोडलं, म्हणजे हंगाम संपला. त्या दिवशी तो जाईल असं तिला वाटलं होतं. तो कोठाराचं छप्पर शाकारायला चढला. त्याला चार दिवस लागले. मग ओसरीचा कुजलेला खांब बदलला. मग पावसाची झड लागली, ती थांबल्यावर खाडीकडचा बांध दोन जागी खचला होता तो बांधून काढला. मग दंताळ्यांचे सगळे दात काढून नवे बसवले. मग मोरीच्या तोंडाला लाकूड आत जाऊ नये म्हणून वेताची जाळी विणून बसवली, बाहेरूनच. रोज सकाळी उठला की काहीतरी शोधून काढायचा. थोरली प्रत्येक दिवस तो जायचा दिवस धरून उठायची आणि प्रत्येक दिवशी त्याचं जेवण बांधावर न्यायची.

असे पाच आठवडे गेले. एका उघडिपीच्या दिवशी ती जेवण घेऊन गेली तेव्हा तो बांधावर उभा होता. हातात फावडं होतं, पण ते नुसतंच होतं. वाफे पाण्याखाली गेलेले, सगळीकडे आभाळच आभाळ. अकरापैकी एकही वाफा ओळखू येत नव्हता.

"ठेकेदाराला काय कळवलं?" तिनं विचारलं. तोंडातून निघून गेलं.

"नाही म्हणून कळवलं."

"कधी?"

"साहेब येऊन गेले, त्याच्या दुसऱ्या दिवशी."

ती ताटाकडे बघत उभी राहिली. आधी बरं वाटलं आणि मग तिला राग आला.

"मग मला सांगायचं नाही? इतके दिवस छप्पर काय, खांब काय, बांध काय. मला वाटलं जायच्या आधी सगळं आवरून ठेवताय."

तो गोंधळला. असं कोणी समजेल हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. "तू सगळ्यांपुढे बोललीस," तो म्हणाला. तो तिला तू म्हणाला हे दोघांनाही कळलं. "मला तसं बोलता येत नाही. म्हटलं, काम करावं."

पाण्यावरून वारा आला. दूर घरापाशी म्हातारा कुणाशी तरी मोठ्यानं बोलत होता, बहुतेक काकाशीच.

"आता काही उरलंय का करायचं?" तिनं विचारलं.

त्यानं बांधाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं. नीट पाहिलं, कारण त्याला खोटं बोलता येत नव्हतं.

"नाही," तो म्हणाला.

थोरलीनं ताट खाली ठेवलं, त्याच्या हातातलं फावडं काढून घेतलं आणि बांधावर आडवं टाकलं.

"मग बसा," ती म्हणाली, आणि आपणही बसली.